फादर ब्राउनचा पहिला कथासंग्रह : तीन कथांनंतर अडखळले आहे, पुढे वाचू का?

रेवा

नमस्कार मंडळी. होम्स संपला, आता काय वाचू, असं मी मागे इथे विचारलं होतं तेव्हा दोघातिघांनी जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनचं नाव सुचवलं होतं. शाळेत असताना भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स वाचला, पुढे कॉलेजात मूळ इंग्रजी. त्यामुळे डिटेक्टिव्ह म्हटलं की माझ्या डोक्यात तोच साचा पक्का आहे: बेकर स्ट्रीटवर कोणीतरी घाबराघुबरा येतो, होम्स त्याच्या बाहीवरून आणि बुटांवरून तो कुठून आला ते सांगतो, मग जागेची पाहणी, शेवटी उलगडा.

आता 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन' हा १९११ सालचा पहिला संग्रह हातात आहे. बारा कथा आहेत, तीन वाचून झाल्या आणि मी अडखळले. 'द ब्लू क्रॉस'मध्ये आपण सगळा वेळ पॅरिसच्या पोलीसप्रमुखाच्या, व्हॅलेंटिनच्या मागे लंडनभर फिरतो आणि ज्याच्या नावाचं पुस्तक आहे तो बुटका पाद्री बोलतो तो शेवटच्या पानांत. 'द सीक्रेट गार्डन' वाचून तर मी चिडलेच. उलगडा पटला नाही. आणि 'द क्विअर फीट' आवडली, पण त्यात तपास असा कुठे आहे? एक माणूस खोलीत बसून पावलांचा आवाज ऐकतो, एवढंच. शिवाय आकाशाची आणि उजेडाची वर्णनं संपता संपत नाहीत.

ज्यांनी सगळं पुस्तक वाचलं आहे त्यांना विचारते: पुढे वाचू का? की निवडक दोनचार कथा वाचल्या तरी चालतील? पहिल्या तीन कथांबद्दल मोकळेपणी लिहा, पुढच्यांचे उलगडे कृपया फोडू नका.

निशाचर

निवडक वाचल्या तरी चालतील असं माझं मत. प्रत्येक कथा सुटी आहे. मी या पाद्र्याकडे आलो तो बीबीसीच्या मालिकेमुळे. २०१३ साली सुरू झाली, मार्क विल्यम्स ब्राउनच्या भूमिकेत आहे. मालिका १९५० च्या दशकातल्या एका खेड्यात घडते, ठरलेली माणसं भोवती असतात, ते सगळं वातावरण मला आवडलं होतं. पुस्तक उघडलं तर वेगळंच निघालं. खेडं नाही, चर्चमधली मंडळी नाहीत, पाद्री आज पॅरिसमध्ये तर उद्या स्कॉटलंडमध्ये. सवय व्हायला वेळ लागला. तुम्ही थेट पाचवी कथा घ्या, 'द इन्व्हिजिबल मॅन'. ती आवडली नाही तर पुस्तक खुशाल ठेवून द्या.

स्टेनो_काकू

रेवा, पुस्तक ठेवू नकोस आणि क्रमही मोडू नकोस. निशाचर, 'इन्व्हिजिबल मॅन' उत्तम आहे यात वादच नाही, पण ती पाचवीच वाचायला हवी. का ते सांगते. थोडं लांबेल.

मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. साक्षीदार पिंजऱ्यात बोलायचा, न्यायाधीश साहेब त्याचं वाक्य करून सांगायचे, मी उतरवून घ्यायचे. पंचनामा, जप्त केलेल्या वस्तू, रक्ताचे डाग, बोटांचे ठसे हे सगळं कागदावर आधीच आलेलं असायचं. पण पुष्कळ खटले फिरायचे ते उलटतपासणीत, साक्षीदार एखादी गोष्ट सांगण्यासारखी नाही असं समजून गाळायचा तिथे. होम्स मला लहानपणापासून आवडतो, पण तो पंचनाम्याचा माणूस आहे. फादर ब्राउन उलटतपासणीचा. तो वस्तू फारशा बघतच नाही. माणूस कुठे गप्प बसला आणि कुठे बसायला नको होता, एवढंच तो धरून ठेवतो.

तू तपास कुठे आहे म्हणतेस. 'ब्लू क्रॉस' पुन्हा आठव. फ्लॅम्बो हा नामी चोर पाद्र्याचा वेष घेऊन बरोबर चालला आहे. हा खरा पाद्री आहे की चोर, हे ब्राउनला ठरवायचं आहे. तो काय करतो? हॉटेलात मीठ आणि साखरेची अदलाबदल करतो. कॉफीत मीठ लागलं तर कोणीही माणूस तक्रार करेल. हा करत नाही. पुढच्या ठिकाणी ब्राउन बिलाचा आकडा तिपटीहून जास्त वाढवून ठेवतो. तेही हा मुकाट भरतो. म्हणजे याला काही करून स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं नाही. संपला तपास! ना भिंग, ना राख, ना चिखल. नुकसान होत असताना जो ब्र काढत नाही त्याला लपवायचं काहीतरी आहे, एवढं एकच माणसाबद्दलचं ज्ञान त्याने वापरलं. आणि त्याच वेळी भिंतीवर सूप फेकून, फळवाल्याच्या पाट्या बदलून, खिडकीची काच फोडून त्याने मागून येणाऱ्या पोलिसांसाठी खुणाही ठेवल्या. व्हॅलेंटिनला वाटतं आपण माग काढतोय. खरं तर त्याला हाताला धरून हॅम्पस्टेड हीथवर आणलेलं असतं.

'क्विअर फीट' मला या पुस्तकात सगळ्यात प्रिय. ब्राउन त्या बड्या लोकांच्या व्हर्नन हॉटेलात आलेला असतो एका इटालियन वेटरसाठी. त्याला झटका आलेला, जायच्या आधी त्याने काहीतरी सांगितलं, आणि ते कागदावर उतरवायला ब्राउन एका लहानशा खोलीत बसला आहे. लिहिता लिहिता बाहेरच्या बोळातली पावलं त्याच्या कानावर पडतात. आधी भराभर, चवड्यांवर. मग संथ, टाच टेकवत. मग पुन्हा भराभर. बूट तेच, कारण त्यातला एक बारीकसा करकर आवाज दोन्ही चालींत आहे. एकच माणूस दोन चालींनी का चालतो? हे मला वाचताक्षणी पटलं, कारण लिहिणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात पण कान पूर्ण मोकळे असतात. कोर्टात मान वर न करता मला कळायचं की आत कोण आलं: वकील, पोलीस, की पक्षकार. वकील तारखेला आल्यासारखा येतो, पक्षकार दारातच पाय घासत थांबतो.

आणि उत्तर काय निघतं? साहेबाचा रात्रीच्या मेजवानीचा पोशाख आणि वेटरचा पोशाख एकसारखाच, काळा कोट. म्हणून चोर साहेबांपुढे वेटरसारखा लगबगीने चालला आणि वेटरांपुढे साहेबासारखा रेंगाळला. साहेबांनी वेटरकडे कधी नीट पाहिलेलंच नाही, आणि साहेबाकडे नीट बघायची वेटरांची हिंमत नाही. माशांच्या सुऱ्याकाट्यांची चांदी त्या दोघांच्या मधल्या फटीतून बाहेर गेली. भिंतीशी पंधरा वेटर उभे होते असं तिथे जेवायला जमलेल्या क्लबाचा एक सभासद शपथेवर सांगतो, पंधरावा तर वर मरून पडलेला! ही नुसती युक्ती नाही, १९१० च्या आसपासचं अख्खं इंग्लंड त्या जेवणाच्या खोलीत बसलेलं आहे. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात चेस्टरटन सांगतात की या क्लबाचा सभासद भेटला तर त्याचा कोट काळा नसून हिरवा दिसेल. का ते शेवट वाचून पुन्हा पहिल्या पानावर गेल्याशिवाय कळत नाही.

त्यातच कोट ठेवायच्या खोलीतला तो प्रसंग. चोर कोट मागायला येतो, सुटी चांदी नाही म्हणून सोन्याचं नाणं टाकतो, आणि काउंटरमागचा बुटका पाद्री शांतपणे म्हणतो की तुमच्या खिशात चांदी असावी असं मला वाटतं. मला तरी सगळ्या रहस्यकथांत याहून सुंदर अटक माहीत नाही, आणि ती अटकसुद्धा नाही.

आता 'सीक्रेट गार्डन'. तुझा राग मला समजतो. मुंडक्यांची अदलाबदल ताणलेली आहे, ते मीही मान्य करते. पण कोडं ज्या रीतीने मांडलंय ते बघ. बागेला बाहेरून वाट नाही. मग तिथे मेलेला सापडलेला अनोळखी माणूस आत आला कसा, आणि ब्रेन हा अमेरिकन कोट्यधीश बाहेर गेला कसा? डॉक्टर सायमन एकेक अडचण काढतो, ब्राउन सगळ्यांना एकच उत्तर देतो: कोणी आत आलं नाही, कोणी पुरतं बाहेरही गेलं नाही. सगळ्यांनी दोन प्रश्न केले होते, प्रश्न एकच होता. आणि खुनी कोण, तर ज्याच्या खांद्यावरून आपण पहिली कथा पाहिली तो व्हॅलेंटिन. लेखकाने पहिल्या कथेत एक उमदा, हुशार, जगप्रसिद्ध पोलीस अधिकारी उभा केला, आपल्याला तो आवडायला लावला, आणि दुसऱ्याच कथेत तो गेला. ही कथा सुटी वाचली तर नुसतं रक्तरंजित कोडं वाटतं. 'ब्लू क्रॉस'नंतर लगेच वाचली तर ओळखीचा माणूस हरवल्यासारखं होतं. म्हणून क्रम.

क्रमाचं दुसरं कारण फ्लॅम्बो. चौथी कथा 'द फ्लाइंग स्टार्स' सुरूच होते ती म्हाताऱ्या फ्लॅम्बोच्या आठवणीने, की माझा सगळ्यात देखणा गुन्हा हाच आणि शेवटचाही हाच. नाताळातलं घर, हौशी नाटक, हिरे, आणि रात्री बागेत एका झाडाखाली उभा राहून वर फांद्यांत बसलेल्या माणसाशी बोलणारा पाद्री. त्या बोलण्यात तो काय सांगतो ते तू स्वतः वाच. पाचव्या कथेत हाच फ्लॅम्बो लंडनमध्ये खाजगी डिटेक्टिव्ह म्हणून दुकान थाटून बसलेला दिसतो. (त्याच्या इमारतीचं नाव लखनौ मॅन्शन्स! आणि जवळच हिमालया मॅन्शन्स. साम्राज्याच्या काळातलं लंडन आहे ते.) चौथी गाळून पाचवीवर उडी मारलीस तर चोर इथे कसा, एवढंच वाटेल. बारा कथांत मिळून एका चोराचं आयुष्य बदलतं, हे या संग्रहाचं खरं कथानक आहे, आणि ते कुठल्याही एका कथेत नाही.

आकाशाच्या वर्णनांबद्दल. चेस्टरटन तरुणपणी लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकायला जात होते. ते कथा आधी रंगात बघतात. पण वर्णन वगळू नकोस, कारण काही कथांत पुरावा तिथेच पडलेला असतो. कुठल्या ते सांगत नाही.

पानगळ

काकू, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

थोडी भर. या ब्राउनमागे एक खरा पाद्री होता, फादर जॉन ओकॉनर, ब्रॅडफर्डचे. चेस्टरटन यांची त्यांची भेट यॉर्कशरमधल्या कीथलीत झाली. आत्मचरित्रात चेस्टरटन सांगतात की एका चालण्यात ओकॉनर यांच्याकडून त्यांनी माणसाच्या दुष्टपणाबद्दल असं काही ऐकलं की ते हादरले. नंतर ज्या घरी गेले तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी म्हणत होते की पाद्री लोक चार भिंतींत राहतात, जगातलं खरं वाईट त्यांना काय कळणार. तिथून ही कल्पना आली. दिसायला मात्र ओकॉनर यांच्यासारखा ब्राउन मुळीच नाही. ते आयरिश, नीटनेटके, तल्लख. चेस्टरटन यांनी त्यांना मुद्दाम गबाळं, गोल चेहऱ्याचं, सारखी छत्री पाडणारं एसेक्सचं ध्यान करून टाकलं. पुढे १९२२ साली चेस्टरटन कॅथलिक झाले तो विधी याच ओकॉनर यांच्या हातून झाला. म्हणजे हा पहिला संग्रह लिहिला तेव्हा लेखक स्वतः कॅथलिक नव्हता, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तिरकस_रेघ

सगळं खरं, पण एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. याच संग्रहात 'द राँग शेप' आहे. त्यात एका इंग्रज कवीच्या घरी एक हिंदू साधू राहत असतो. पांढऱ्या कपड्यांत, अंधारात उभा, गूढ बोलणारा. आणि आपला हा प्रेमळ पाद्री पौर्वात्य सुऱ्याकडे आणि गालिच्यांवरच्या नक्षीकडे बघून म्हणतो की त्यांचे आकारच वाईट आहेत. भारतीय वाचक म्हणून मला ते झोंबलं. 'फ्लाइंग स्टार्स'मधल्या धनाढ्य ज्यू माणसाचं चित्रणही तसंच. पुस्तकाची थोरवी सांगताना हेही सांगायला हवं.

स्टेनो_काकू

तिरकस_रेघ, तुम्ही म्हणता ते पुस्तकात आहे आणि मलाही ते खुपतं. त्यावर पांघरूण घालणार नाही. गालिच्यांबद्दलचं ते बोलणं फक्त त्या साधूपुरतं नाही, एका अख्ख्या संस्कृतीबद्दल आहे, आणि ते कुठल्या पात्राच्या तोंडी घालून लेखकाला बाजूला होता येत नाही, कारण पात्र ब्राउन आहे. ज्या माणसाला वेटर दिसतो, त्याला साधू दिसू नये याचं मला फार वाईट वाटतं.

(रेवा, पुढचा परिच्छेद 'राँग शेप' वाचल्याशिवाय वाचू नकोस.)

तरीही कथेची रचना बोलण्याच्या विरुद्ध जाते, हेही नोंदवते. संशय त्या साधूवर जातो आणि तोच निर्दोष आहे. खरा गुन्हेगार घरात नेहमी येणारा-जाणारा, इंग्रज, शिकलेला, सगळ्यांच्या विश्वासाचा. आणि पुरावा काय, तर कागदाचे तुकडे! कवीचे सगळे कागद एका कोपऱ्यात कापलेले आहेत. ब्राउन मोजतो: कागद तेवीस, कापलेले कोपरे बावीस. तो एक नसलेला कोपरा, त्यावर काय होतं, एवढ्यावर आत्महत्येची चिठ्ठी आत्महत्येची राहत नाही. एका कोपऱ्यातल्या एका चिन्हाने कागदाचा अर्थ पार फिरतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. जबानीत अवतरणचिन्ह सुटलं तर दुसऱ्याचं बोलणं साक्षीदाराच्या गळ्यात पडतं.

पानगळ

भारताचा विषय निघालाच आहे तर: चेस्टरटन यांनी १९०९ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये लिहिलं होतं की भारतीय राष्ट्रवाद्यांच्या मागण्यांत भारतीय असं फारसं काही दिसत नाही, सगळं इंग्रजांचंच मागताहेत. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी तो लेख वाचला, 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांपुढे ठेवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतीच्या बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलं. एकाच लेखणीतून दोन वर्षांच्या आतबाहेर तो लेख आणि हा साधू दोन्ही आले. माणूस एका पारड्यात तोलता येत नाही.

रेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंचं ऐकलं, क्रमाने वाचलं, आता शेवटच्या दोन राहिल्या आहेत. 'इन्व्हिजिबल मॅन'चा उलगडा वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसूनच राहिले. चार माणसं दारावर पहारा देतात, चौघंही शपथेवर सांगतात की कोणी आत गेलं नाही, बाहेर बर्फात पावलांचे ठसे उमटलेले, आणि चौघंही खरं बोलत असतात!

आता खरा प्रश्न. 'क्विअर फीट'मध्ये ब्राउन चांदी परत आणतो आणि चोराला जाऊ देतो. 'फ्लाइंग स्टार्स'मध्ये हिरे परत, चोराला जाऊ देतो. आणि 'द हॅमर ऑफ गॉड'मध्ये तर खून आहे. तरी तो पोलिसांना नाव सांगत नाही, खुन्यालाच म्हणतो, तुझं तू ठरव. हे मला पचलं नाही. काकू, तुम्ही इतकी वर्षं न्यायालयात काढलीत. तुम्हाला हे चालतं?

स्टेनो_काकू

आधी 'इन्व्हिजिबल मॅन'बद्दल एक आठवण सांगते, मग तुझ्या प्रश्नाकडे येते. (ज्यांनी ही कथा आणि 'हॅमर ऑफ गॉड' वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबा.)

एका चोरीच्या खटल्यात घरातल्या आजींची साक्ष चालली होती. वकिलांनी विचारलं, दुपारी घरी कोण आलं होतं? आजी म्हणाल्या, कोणी नाही. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं: "त्या दुपारी आमच्या घरी कोणीही आले नव्हते." उलटतपासणीत दुसऱ्या बाजूच्या वकिलांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, भांडी कोणी घासली? आजी म्हणाल्या, बाईने, रोजच्या. कधी? दुपारीच, जेवणं झाल्यावर. साहेबांनी आजींकडे पाहिलं. आजींना आपण काही वेगळं बोललो असं वाटलंच नव्हतं. त्या बाईचा चोरीशी संबंध नव्हता, ते पुढे सिद्ध झालं. पण "कोणीही" या शब्दात ती बसत नव्हती, आणि आजी खोटं बोलत नव्हत्या. ब्राउन कथेत हेच समजावतो: कोणी बाईंना विचारलं, घरी कोण राहतं, तर त्या नोकरांची नावं घेत नाहीत. माणसं प्रश्नाला उत्तर देत नाहीत, प्रश्नाचा जो अर्थ त्यांना वाटतो त्याला देतात. कथेत खून करून गेलेला तो पोस्टमन सगळ्यांना दिसला होता. माणूस म्हणून मोजला गेला नव्हता.

आता तुझा प्रश्न. चोरीचं मला चालतं. चांदी परत आली, हिरे परत आले, आणि फ्लॅम्बो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. तुरुंगातून हे झालं असतं का, मला शंका आहे. 'हॅमर ऑफ गॉड' मात्र कठीण आहे. तिथे एक माणूस मेला आहे, आणि संशय ज्यांच्यावर घेतला जातोय त्यात एक वेडसर मुलगा आहे. तो अडकला असता तर? न्यायालयाच्या बाजूने विचार केला तर ब्राउनने गप्प राहणं चुकीचंच.

पण ती कथा काळजीपूर्वक वाच. ब्राउन त्या खुन्याला, म्हणजे मेलेल्याच्या पाद्री भावाला, मोकळा सोडत नाही. चर्चच्या मनोऱ्यावर, त्या उंचीवरून खालची माणसं किड्यांएवढी दिसतात तिथे, तो त्याला त्याच्याच मनातला विचार पायरीपायरीने सांगतो: तू इथे येऊन प्रार्थना करायचास, वरून बघता बघता तुला तू मोठा आणि ते लहान वाटू लागले, आणि एका क्षणी हातोडा तुझ्या हातात होता. मनोऱ्याची, कड्यासारख्या भिंतींची ती लांब वर्णनं होती ना? तिथेच पुरावा होता. इतका लहान हातोडा आणि इतका प्रचंड घाव, याचं उत्तर उंची. ब्राउनला हे कसं कळलं असं तो विचारतो, तेव्हा ब्राउन सांगतो की मीही माणूसच आहे, ते सगळे सैतान माझ्याही मनात आहेत. मग म्हणतो, मी हे मोहोरबंद ठेवीन, पुढचं तुझ्याकडे. आणि तो भाऊ खाली उतरून स्वतः इन्स्पेक्टरपाशी जातो, मी माझ्या भावाला मारलं म्हणून सांगतो.

आरोप वाचून दाखवला की आरोपी काय म्हणतो ते मी किती वेळा लिहिलं असेल: गुन्हा कबूल नाही. शिक्षा झालेल्यांनीसुद्धा तेच म्हटलेलं असायचं, आणि शिक्षा ऐकतानाही चेहऱ्यावर तेच असायचं. कायद्याला कबुली लागत नाही, पुरावा पुरतो, आणि तसंच असायला हवं. ब्राउनला मात्र पुरावा पुरत नाही, त्याला तो माणूस स्वतः बोलायला हवा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. मला दोन्ही लागतात असं वाटतं, आणि म्हणूनच ही कथा मला दर वेळी अस्वस्थ करते. तुला पचली नाही ते बरोबर आहे. ती सहज पचली तर नीट वाचली नाही असं मी म्हणेन.

राहिलेल्या दोनपैकी 'द साइन ऑफ द ब्रोकन स्वोर्ड' सलग एका बैठकीत वाच, मध्ये उठू नकोस. ब्राउन आणि फ्लॅम्बो थंडीत रात्रभर चालताहेत आणि एका पुतळे उभारलेल्या सेनापतीची कीर्ती पावलागणिक सुटत जाते. युद्धाबद्दल इतकी भयंकर गोष्ट मी रहस्यकथेत दुसरी वाचलेली नाही. पान लपवायला शहाणा माणूस रान शोधतो, रान नसेल तर रान उगवतो, हा विचार मी कुठल्याही मोठ्या खटल्याची बातमी वाचताना विसरू शकत नाही.

पुढचे संग्रह चार आहेत. 'द विस्डम' १९१४, 'द इनक्रेड्युलिटी' १९२६, 'द सीक्रेट' १९२७, 'द स्कँडल' १९३५. 'विस्डम' पहिल्याच्या तोडीचा नाही, निवडून वाचलास तरी चालेल. 'सीक्रेट' मात्र पहिल्या कथेसाठी घेच. फ्लॅम्बो आता स्पेनमध्ये बायकोमुलांसह स्थायिक आहे, आणि तिथे एक अमेरिकन पाहुणा ब्राउनला त्याची पद्धत विचारतो. ब्राउन सांगतो की ते सगळे खून मीच केले, म्हणजे मनात, मी अगदी तो खुनी होईपर्यंत. या शेवटच्या दोन संग्रहांच्या काळात चेस्टरटन यांच्याकडे डोरोथी कॉलिन्स सेक्रेटरी होत्या, १९२६ पासून, आणि ते बरंच लेखन तोंडी सांगत. ब्राउनचं ते वाक्य मान खाली घालून कागदावर उतरवताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते.

रेवा

काकू, 'ब्रोकन स्वोर्ड' आज रात्री. 'सीक्रेट' इथल्या वाचनालयात आहे का ते उद्या विचारते. गुटेनबर्गवर पहिले दोन मिळाले, पण मला कागदावरच वाचायला आवडतं.

निशाचर

मी चौथी कथा गाळूनच पाचवी वाचली होती. आज चौथी काढतो.